कापूस कोण वेचतं?

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते तेव्हा आमच्या वर्गात मुलींच्या बाजूची बाकं मोकळी असतात. मी हजेरी घेत जाते. एक नाव, दुसरं नाव, आणि मधेच एखाद्या नावानंतर कुणीच ‘हजर’ म्हणत नाही. पुढच्या बाकावरची मुलगी खाली बघते, मुलं खिडकीबाहेर बघतात. मी कारण विचारत नाही. शेतांत कापूस फुटलाय, हे वर्गातल्या सगळ्यांना ठाऊक असतं.

यंदाही तसंच झालं. सोमवारी सकाळी धुळ्याहून बसने निघाले. नरडाणा मागे पडलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरं दिसायला लागलं. मधे मधे तुरीच्या ओळी, त्यांच्यावर पिवळी फुलं, आणि खाली कंबरेपर्यंत कापसात बुडालेल्या बाया. डोक्याला रुमाल, अंगात साडीवरून चढवलेला नवऱ्याचा जुना शर्ट. बसच्या खिडकीतून त्यांचे चेहरे दिसत नाहीत. वाकलेल्या पाठी तेवढ्या दिसतात आणि हात दिसतात. या दिवसांतलं ऊन अंगाला बरं वाटतं, वाऱ्याला सुकल्या पानांचा किंचित आंबूस वास असतो, आणि मला दरवर्षी, न चुकता, नववी अ मधली पूनम आठवते.

मी मूळची या पांढऱ्या मुलखातली नाही. माझं माहेर रावेरकडचं. तिकडे बारा महिने हिरवं. केळीच्या बागेत शिरलं की बाहेर वैशाख आहे की पौष हे कळू नये इतकी सावली आणि ओल. लग्न होऊन धुळ्याला आले, नंदुरबारकडून येणारा वारा अंगाला लागला, आणि पुढे या गावच्या हायस्कूलमध्ये मराठी आणि इतिहास शिकवायला लागले. सुरुवातीची कितीतरी वर्षं कापूस माझ्यासाठी खिडकीतून दिसणारं एक चित्र होतं. सुंदर दिसतो तो. सकाळच्या उन्हात तर फारच.

पूनम नववीत आली त्याच्या आदल्या वर्षी मी मोठ्या हौसेने एक सराव पुस्तिका केली होती. मुलांना व्याकरण अवघड जातं, म्हणून सोपी, घरातली वाटतील अशी वाक्यं मी स्वतः बसून लिहिली. ‘बाबा वर्तमानपत्र वाचतात.’ ‘आई स्वयंपाक करते.’ ‘शेतकरी शेत नांगरतो.’ ‘ताई रांगोळी काढते.’ ‘दादा शहरात शिकतो.’ चाळीस पानांची झाली. तिच्या झेरॉक्स काढून मुलांना वाटल्या तेव्हा हेडसरांनी पाठ थोपटली होती. पुढच्या वर्षी शेजारच्या शाळेनेही ती मागून नेली.

आज ती पुस्तिका माझ्या कपाटात आहे. ती उघडली की मला माझंच नवल वाटतं. मी तेव्हाही पंधरा वर्षं नोकरी केलेली बाई. पहाटे उठून, डबे करून, बस पकडून रोज चाळीस किलोमीटर जाणारी. माझ्या चाळीस पानांत एकही बाई बसमध्ये बसलेली नव्हती. एकही शिकवत नव्हती. कुणी मला तसं लिहायला सांगितलं नव्हतं. मी लहानपणापासून जी पुस्तकं वाचली त्यांतली वाक्यं माझ्या हाताला इतकी सवयीची झाली होती की ती आपोआप कागदावर उतरली.

आम्ही शिकलो त्या धड्यांत बाया नव्हत्या असं नाही. होत्या. इतिहासात घोड्यावर बसलेली राणी होती, हातात तलवार, पाठीशी बांधलेलं मूल. मराठीत चुलीपुढची आई होती, लेकरासाठी उपाशी राहणारी, डोळ्यांना पदर लावणारी. मला दोघीही आवडायच्या. राणीचा धडा शिकवताना आजही माझा आवाज चढतो आणि आईच्या धड्याला वर्गातली एक-दोन मुलं हमखास रडतात. पण त्या घोड्याच्या आणि चुलीच्या मधे केवढी जागा आहे! तिथे कुणीच नव्हतं. बाजारात टोपली घेऊन बसलेली, दवाखान्यात सुया देणारी, केळीचे घड वाहणारी, रागावणारी, कंटाळणारी, हिशोबी, चेष्टेखोर, अशी एकही बाई नव्हती. आणि बहुतेकींना नावंही नव्हती. आई, आत्या, एक म्हातारी, पाटलाची सून.

हे सगळं मला तेव्हा दिसत नव्हतं. मला ते पूनमने दाखवलं, आणि तेही मी तिचे मार्क कापल्यानंतर.

पूनम तिसऱ्या बाकावर बसायची. तेलाने चप्प बसवलेल्या दोन वेण्या, लाल रिबिनी, बोलणं अगदी कमी. प्रश्नाचं उत्तर येत असलं तरी हात वर करायची नाही. पेनाचं टोपण नुसतं गोल गोल फिरवत बसायची. टोपण फिरायला लागलं की मी समजायचे, हिला येतंय, आणि तिलाच उठवायचे. दिवाळीनंतर ती बारा दिवस आलीच नव्हती. आली त्याच दिवशी घटक चाचणी होती. मी उत्तरपत्रिका वाटत तिच्यापाशी पोचले आणि तिने हात पुढे केला, तेव्हा तिची बोटं पाहिली. नखांच्या कडेला बारीक बारीक ओरखडे, काही सुकलेले, काही ताजे. फुटलेल्या बोंडाची टोकं सुकल्यावर सुईसारखी होतात. मी म्हटलं, “हळद लाव गं.” आणि पुढच्या बाकाकडे गेले.

चाचणीत एक प्रश्न होता. ‘शेतात कापूस वेचला जातो.’ योग्य कर्ता घालून हे वाक्य कर्तरी प्रयोगात लिहा. गुण दोन. उत्तरसूची मीच केली होती: ‘शेतकरी शेतात कापूस वेचतो.’

पूनमने लिहिलं होतं: ‘मी, माझी आई आणि गल्लीतल्या बाया शेतात कापूस वेचतो.’

मी लाल पेनाने ‘मी, माझी आई आणि गल्लीतल्या बाया’ या शब्दांभोवती गोल काढला, शेजारी ‘कर्ता चुकला’ असं लिहिलं आणि शून्य दिलं. एकामागून एक पेपर तपासताना हात कसा चालतो हे शिक्षकांनाच माहीत. त्या गोलापाशी मी क्षणभरही थांबले नव्हते.

पेपर वाटले त्या दिवशी मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. आपणहून आलेली मी तिला पहिल्यांदाच पाहत होते.

“काय गं पूनम?”

“मॅडम, हे उत्तर…” तिने पेपर पुढे केला. “यात चूक काय शे?” घाईत घरची भाषा तोंडी आली म्हणून ती ओशाळली आणि लगेच म्हणाली, “म्हणजे, चूक काय आहे?”

“अगं, शेतकरी कापूस वेचतो, असं पाहिजे.”

“पण शेतकरी नाही वेचत, मॅडम.”

“म्हणजे?”

“आमच्याकडे बाप्ये वेचतच नाहीत. बठ्ठ्या बायाच वेचतात.”

स्टाफरूममध्ये कुणीतरी हसलं. वाईट हेतूने नव्हे, पण हसलं. मला वाटतं त्या हसण्यामुळेच मी जरा कडक झाले. म्हटलं, “ते खरं असेल. पण परीक्षेत पुस्तकातलं लिहायचं असतं. उद्या दहावीला असं लिहिलंस तर मार्क जातील. समजलं?”

तिने मान हलवली. पेपराची घडी केली, मग त्या घडीची आणखी एक घडी, आणि ती गेली.

त्या संध्याकाळी परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. बाहेर वेचणी आटोपून बाया रस्त्याच्या कडेने घराकडे चालल्या होत्या. डोक्यावर कापसाची गाठोडी, मागे लांब सावल्या. मी एकेका घोळक्याकडे बघत होते. एखाद्या तरी घोळक्यात पुरुष दिसेल असं वाटत होतं. शाळेपासून नरडाण्यापर्यंत एकही दिसला नाही. एक दिसला, पण तो मोटरसायकलवर होता, पुढे कापसाचं गाठोडं घेऊन.

आणि मग मला माझी आई आठवली. पाचवीत असताना शाळेत एक कागद भरून द्यायचा होता. वडिलांचा व्यवसाय: शेती. आईचा व्यवसाय: तिथे काय लिहायचं ते मला कळेना. आई तेव्हा परसात हात धूत होती. केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं काढून आली की तिचे हात काळे पडायचे, केळीचा चीक साबणानेही निघत नाही. मी ओरडून विचारलं, “आई, तू काय करते?” ती तिथूनच म्हणाली, “मी काय करू व बाई? मी काई नी करत.” मी तेच शुद्ध मराठीत लिहिलं: काही नाही. गुरुजींनी ते खोडून ‘घरकाम’ असं केलं. माझ्या वडिलांनी, आबांनी, वर्षभरात बागेत जेवढ्या चकरा मारल्या असतील तेवढ्या आई आठवड्यात मारायची. कागदावर मात्र बाग आबांची होती आणि आई घरात होती.

दुसऱ्या दिवशी पूनमशी बोलायचं असं मी ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी पूनम आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला. तिच्या गल्लीतल्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, “ती आता येणार नाही, मॅडम. शाळा सोडली तिने.”

“का?”

“वेचणी आहे ना.” मग जरा थांबून म्हणाली, “आणि तिचा जीव लागत नाही म्हणे.”

हेडसरांकडे गेले. ते याच गावचे, वयाने मोठे, गावात सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “मॅडम, दरवर्षी दोन-तीन पोरी अशा जातात. नववीत शाळा सोडून गेलेली परत येत नाही. काल चाळीसगावकडचे कुणी पाहुणे त्यांच्या घरी येऊन गेले, असंही ऐकलं. तुम्ही एकदा भेटा. तिची आई समजूतदार आहे.”

शनिवारी शाळा सकाळची होती. सुटल्यावर मी गल्लीतल्या त्या मुलीला सोबत घेतलं आणि शेताकडे निघाले. गाव संपल्यावर गाडीवाट, मग एक कोरडा नाला, मग कापूस. बसमधून दिसणारा कापूस आणि त्यात उभं राहिल्यावर दिसणारा कापूस यांत फार फरक आहे. जवळून तो सगळा पांढरा नसतो. तपकिरी, करडा, सुकलेला, काटेरी असतो, आणि मधे मधे पांढरा असतो. साडीचा काठ दोनदा अडकला. पायाखाली पानांचा चुरा वाजत होता.

पूनमची आई कोकिळाबाई ओळीच्या मध्यावर होती. कंबरेला बांधलेल्या झोळीत कापूस भरून पोट पुढे आल्यासारखं दिसत होतं. मला पाहून ती सरळ उभी राहिली आणि मनगटाने कपाळ पुसलं.

“मॅडम? तुमी वावरमा?”

“पूनम शाळेत येत नाही, म्हणून आले.”

“येई ना. इतला कापूस उरकना की येई.” तिने हात फिरवून शेत दाखवलं. ते कुठे संपत होतं ते मला दिसत नव्हतं. “मालक, पूनमना बाप, नरडाणाले कंपनीमा जातस. सातबारावर त्यासनं नाव शे. पन पेरणीपासून बठ्ठं मीच देखस. पोर नही उनी तर मी एकली किती करू?”

 मी आदल्या दिवशी मनात तयार केलेलं भाषण, मुलींच्या शिक्षणाचं महत्त्व वगैरे, तिथे त्या उन्हात उभं राहून बोलायची लाज वाटली. पूनम तीन ओळी पलीकडे होती. तिने एकदा वर पाहिलं होतं, आता पाहत नव्हती. हात मात्र मघापेक्षा भरभर चालत होते.

कोकिळाबाईच म्हणाली, “आनखी एक शे, मॅडम. तिनं काहीतरी उत्तर चुकनं. दोन दिन धड जेवनी नही ती. मी सांगं, चुकनं तर चुकनं, त्यामा काय! पन ती सांगस, माले शाळामा काय समजत नही. काय लिखं व्हतं तिनं?”

मी प्रश्न सांगितला. माझं उत्तर सांगितलं. मग पूनमचं उत्तर सांगितलं.

कोकिळाबाईने कंबरेची झोळी सावरली. मग शेजारच्या ओळीतल्या बायांकडे वळून मोठ्याने म्हणाली, “आयकं का वं? आपन पेपरमा उनूत!”

आपण पेपरात आलो हे ऐकून बायांचे हात थांबले. मला सगळं पुन्हा सांगावं लागलं. हशा पिकला. एक म्हातारी म्हणाली, शेतकऱ्याला म्हणावं एक दिवस येऊन वेचून दाखव. तेवढ्यात कोकिळाबाईने हसू आवरून मला विचारलं, “नाव लिखं व्हतं का मनं? कोकिळाबाई?”

“नाही. ‘माझी आई’ असं लिहिलं होतं.”

“मंग बराबर कापा तुमी मार्क. गावमा आया काय कमी शेतस का? कोन समजी?”

पुन्हा हसणं. त्या हसण्यात मीही सापडले. पण ती बाई गमतीत बोलली ते मला घरी पोचेपर्यंत टोचत राहिलं.

मी पिशवी बांधावर ठेवली आणि पूनमच्या ओळीत गेले. काहीतरी करत बोलावं म्हणून कापूस वेचायला लागले. दुसऱ्याच बोंडाला बोट खरचटलं. मागून कोकिळाबाई ओरडली, “तसं नही मॅडम! बोंडले धरू नका, कापूसले धरा.” कापूस पाचही बोटांच्या चिमटीत धरून एकाच हिसड्यात पूर्ण काढायचा, वाळक्या पानाचा तुकडासुद्धा सोबत येता कामा नये. मला जमत नव्हतं. माझ्या एका बोंडामागे पूनमची सात-आठ होत होती.

“पूनम, तुझं उत्तर बरोबर होतं,” मी म्हटलं.

ती वेचत राहिली. मग झोळीत कापूस टाकत, माझ्याकडे न बघता म्हणाली, “मग लाल गोल कसाले केला?”

एवढ्या वर्षांत विद्यार्थ्यांनी मला पुष्कळ प्रश्न विचारले. इतका सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता. वेळ नव्हता, उत्तरसूची होती, पेपर पुष्कळ होते, ही सगळी कारणं खरी होती आणि त्यातलं एकही पुरेसं नव्हतं.

“मीही तसंच शिकले होते,” मी म्हटलं. “मला कधी कुणी विचारलं नाही. तू विचारलंस.”

आता तिने वर पाहिलं.  माझ्या बोटावरचं रक्त बघून स्वतःच्या डोक्यावरच्या रुमालाचं टोक दातांनी फाडलं आणि ती चिंधी माझ्या हातात दिली.

निघताना कोकिळाबाई बांधापर्यंत आली. तिने मला शेंगदाणे दिले आणि सौदा करावा तसं सांगितलं, “रोज नही जमाव. मंगळवार, गुरुवार, शनवार धाडसू. बाकीना दिन वावर. कापूस सरना की मंग रोज.” पाहुण्यांचं मी काही विचारलं नव्हतं. तीच म्हणाली, “आनि पाव्हणा येतस तर येऊ द्या. च्या पिईसन जातीन. दहावीना आधी मी काही देत नही तिले.”

सोमवारी पूनम येणार नव्हती, तरी मी थांबले नाही. वर्गात गेल्या गेल्या तो प्रश्न फळ्यावर लिहिला आणि सांगितलं, “याचं मी दिलेलं उत्तर अपुरं होतं. पूनमचं उत्तर व्याकरणाने बरोबर होतं आणि अर्थानेही. चूक माझी झाली.” मुलं एकमेकांकडे बघू लागली. शिक्षकाने चूक झाली म्हणावं याची मुलांना सवय नसते. मागच्या बाकावरून कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, “मग तिला दोन मार्क?” मी म्हटलं, “दोन मार्क.”

दुपारी हेडसरांनी बोलावलं. बातमी पोचली होती.

“उत्तरसूची तुम्हीच केली होती ना, मॅडम?”

“हो सर. तीच चुकली.”

ते वैतागले. “असं कसं चालेल? इथे तुम्ही आहात, समजून घ्याल. दहावीला पेपर तपासणारा कुठला कोण असेल. त्याला आपल्या गावचा कापूस कोण वेचतं याच्याशी काय देणंघेणं? त्याच्यापुढे उत्तरसूची असेल. मी तुमच्या विरोधात नाही. मला पोरींच्या मार्कांची काळजी आहे. दोन मार्कांनी नापास झाली तर बापाला निमित्तच मिळतं.”

ते खोटं बोलत नव्हते.  मग ते खिडकीकडे बघत म्हणाले, “माझी आई वेचायची. मला पाळण्यात घालून बांधावरच्या बाभळीला टांगायची, असं सांगायची.”  मी उठले तेव्हा म्हणाले, “दोन्ही शिकवा. पेपरात काय लिहिलं म्हणजे मार्क मिळतात तेही, आणि खरं काय तेही.”

मी तेव्हापासून तसंच करत आले आहे. ते बरोबर आहे की नाही, मला अजून कळलेलं नाही. चौदा वर्षांच्या मुलीला दोन उत्तरं शिकवायची, एक पेपरासाठी आणि एक स्वतःसाठी, यात काहीतरी दुखतंच.

मंगळवारी पूनम आली. मैत्रिणींनी तिला रस्त्यातच सगळं सांगितलं होतं. तिने घड्या पडलेला पेपर टेबलावर ठेवला. मी लाल गोलावर रेघ मारली, शून्याचे दोन केले, सही केली. पेपर परत घेताना तिने माझ्याच पेनाने ‘माझी आई’ खोडलं आणि वर लिहिलं: कोकिळाबाई. मग हळूच म्हणाली, “माय सांगत होती.”

त्या आठवड्यात माझी पुस्तिका मी बाजूला ठेवली. मुलांना सांगितलं, वाक्यं तुम्ही आणा. आपल्या घरातली, गल्लीतली एक बाई निवडा, तिचं नाव लिहा आणि ती काय करते ते लिहा. आलेली वाक्यं अजून माझ्याकडे एका वहीत आहेत. ‘माझी आत्या मीराबाई नरडाण्याला कारखान्यात खोकी भरते.’ ‘लताकाकू दूध डेअरीवर दुधाचं माप घेते.’ ‘माझी मावशी वरणगावला राहते, ती फॅक्टरीत कामाला जाते, सायकलवर.’ ‘शोभाबाई आमच्या गल्लीत सर्वांचे भांडण मिटवते.’ ‘माझी बहीण अर्चना खूप झोपते.’ या शेवटच्या वाक्यावर वर्ग खूप हसला आणि मी त्याला पूर्ण मार्क दिले. एका मुलाने लिहिलं, ‘माझी आई सुनिता भाकरी करते.’ बाकीची मुलं त्याच्याकडे अशी बघायला लागली, जणू तो चुकला. तो कानकोंडा झाला. मी त्याला विचारलं, “किती करते?” तो म्हणाला, “वीस. पहाटे. मग वावरात जाते.” मी म्हटलं, मग तेही लिही. भाकरी करणाऱ्या बाईला पुस्तकातून हाकलायचं, असं माझ्या मनात कधीच नव्हतं. ती चूल सोडूनही कुठे कुठे जाते, एवढंच पुस्तकाला ठाऊक व्हायला हवं होतं.

एक मात्र झालं. नावं लिहायची म्हटल्यावर चार-पाच मुलं अडली. आजीचं नाव काय, काकूचं नाव काय, त्यांना माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती घरी विचारून आली. एक मुलगा म्हणाला, “मॅडम, मी विचारलं तर आजी लाजली.”

त्यानंतर पुस्तकं पुष्कळ बदलली. आता धड्यांच्या चित्रांत मुली धावतात, बाबा भाजी चिरतात, आई संगणकापुढे बसते. ज्यांनी ते बदललं त्यांचे मी मनातल्या मनात आभार मानते, कारण पान उलटताना वर्गातल्या मुलींचे चेहरे मला दिसतात. पण चित्रातली मुलगी धावत असते आणि तिसरं बाक मोकळं असतं, असंही होतं. मग मी अजूनही शनिवारी कुणाच्या ना कुणाच्या वावरात जाते. सगळ्या परत येतात असं नाही. मागच्या वर्षी दोघी नाही आल्या.

पूनम नववी पास झाली, दहावीही झाली. मराठीत बरे मार्क होते, गणितात कसेबसे. शिंदखेड्याला बारावी केली. आज ती चाळीसगावला असते, नवरा-बायको मिळून बी-बियाण्यांचं दुकान चालवतात. दुकानात येणाऱ्या बाया तिलाच आधी विचारतात, कारण ती स्वतः शेतात राबलेली आहे. फोनवर ती माझ्याशी आता खणखणीत बोलते. ती बदलली तो दिवस कुठला, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. पण त्या वर्षाचा एक दिवस मला फार आवडतो.

एप्रिल होता. वार्षिक परीक्षेचा मराठीचा पेपर. कापूस कधीच संपला होता, शेतांतून पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, उपटून झाली होती आणि बाया तिच्या मोळ्या सरपणासाठी घरी नेत होत्या. अकरालाच जमीन तापून वाफा निघत होत्या. पेपर सुटला तेव्हा शाळेच्या फाटकाबाहेर, कडुलिंबाखाली, कोकिळाबाई बसलेली होती. शेजारी मोळी उतरवून ठेवलेली.

पूनम तिच्याकडे गेली. मी फाटकाशी उभी होते, त्यांना दिसत नव्हते.

“काय काय व्हतं पेपरमा?” कोकिळाबाईने विचारलं.

मला वाटलं पूनम म्हणेल, सोपा होता, आणि दोघी निघतील. पण पूनम खाली बसली, तिने प्रश्नपत्रिका मांडीवर उलगडली आणि पहिल्या प्रश्नापासून वाचून दाखवायला सुरुवात केली. पहिला प्रश्न म्हणजे एक न वाचलेला उतारा होता. एक गरीब आई मुलाच्या शिक्षणासाठी घरातली एकुलती एक बकरी विकते. मुलगा शहरात जातो, शिकतो, मोठा साहेब होतो, त्याला गाडी मिळते. खाली पाच प्रश्न, सगळे त्या मुलाबद्दल. कोकिळाबाई हनुवटीला हात लावून ऐकत होती.

“आनि ती माय?”

“कोनती?”

“बकरी इकनारी. तिनं काय व्हयनं?”

पूनमने उतारा पुन्हा वरून खाली पाहिला. “ती तठेच सरनी. पुढे पोऱ्यानंच शे.”

“आसं कसं? बकरी गई, पोऱ्या गया. ती एकली काय करे घरमा?”

“पेपरमा इतलंच शे, माय.”

“मंग तू सांग. तू शिकनी ना?”

पूनमने प्रश्नपत्रिकेची घडी केली. पेनाचं टोपण बोटांत गोल फिरायला लागलं. मग ती म्हणाली, “बकरी इकी आनि ती घर उनी. घरमा रिकामं दावं पडेल व्हतं…”

“दावं मंग,” कोकिळाबाईने तिला थांबवलं. “आधी ती पानी पिनी व्हई. इतला उनमा बजारमाईन पायी उनी ना ती.”

पूनमने मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.